सुवर्णदुर्गाचा लंडनमधला बुरूज

लंडनला आलेला मराठी माणूस ग्रीनिचला जातो, तो बहुधा एकाच कामासाठी. वेधशाळेच्या अंगणात जमिनीत बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवायचे, फोटो काढायचा, टेकडीवरून थेम्स बघायची आणि दुपार कलायच्या आत मध्य लंडनला परतायचं. शाळेच्या भूगोलात भेटलेली रेषा डोळ्यांनी पाहण्यात आनंद आहेच. पण याच बरोमध्ये, म्हणजे लंडनच्या याच प्रशासकीय विभागात, वेधशाळेपासून पाचेक किलोमीटर पूर्वेला, शूटर्स हिल नावाच्या टेकडीवरच्या रानात एक तीन कोनी बुरूज उभा आहे. त्याच्या दारावरच्या दगडी पाटीवर आपल्या दापोली तालुक्यातल्या, हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गाचं नाव कोरलेलं आहे. तिकडे आपली पावलं क्वचितच वळतात. ती वळावीत, एवढ्यासाठीच हा लेख.

लंडनचे ३२ बरो. त्यांतल्या ग्रीनिचला 'रॉयल' हा किताब २०१२ साली मिळाला. नदीच्या दक्षिण काठानं डेप्टफर्डपासून थेम्समीडपर्यंत आणि आत एल्थमपर्यंत हा बरो पसरला आहे. पर्यटक पाहतात तो भाग म्हणजे धक्क्यापासून वेधशाळेपर्यंतचा जेमतेम सव्वा किलोमीटर. युनेस्कोनं १९९७ साली जागतिक वारसा म्हणून नोंदवला तोही तेवढाच. तो भाग अप्रतिम आहे, पण तो गोष्टीचा पूर्वार्ध आहे. समुद्रावर आपण कुठे आहोत हे कसं कळायचं, जहाज कसं बांधायचं, जायबंदी खलाशाला कुठे ठेवायचं आणि जिंकून आणलेलं कसं मिरवायचं, हे सगळं इंग्रजांनी इथे केलं. त्याचा उत्तरार्ध शूटर्स हिलवर आहे आणि त्यात आपण आहोत. म्हणून ग्रीनिचला दोन दिवस द्यावेत. एकच दिवस असेल तर वेधशाळा आणि बुरूज एवढंच करावं, बाकी सोडावं.

आधी एक नेहमीचा घोटाळा टाळू. ज्युबिली लाइनवरचं 'नॉर्थ ग्रीनिच' स्टेशन जुन्या ग्रीनिचमध्ये नाही. ते नदीच्या वळणातल्या द्वीपकल्पावर, ओ-टू या कार्यक्रमगृहाच्या घुमटाशी आहे आणि तिथून वेधशाळेला यायला बस लागते. जुन्या गावात उतरायचं तर लंडन ब्रिजहून 'ग्रीनिच' किंवा 'मेझ हिल', नाहीतर डीएलआर या हलक्या रेल्वेचं 'कटी सार्क'. नदीतून बोटीनं येणंही सुंदर. पण पहिल्यांदा येणाऱ्यानं डीएलआरनं कटी सार्कच्या एक स्टेशन अलीकडे, 'आयलंड गार्डन्स'ला उतरावं. ते नदीच्या उत्तर काठावर आहे. बागेच्या कठड्यापाशी उभं राहिलं की समोर नाविक रुग्णालयाचे दोन जुळे घुमट, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून दिसणारं पांढरं क्वीन्स हाउस आणि मागे टेकडीवर वेधशाळा, असं सगळं एका रांगेत दिसतं. कनालेत्तो या चित्रकारानं इथूनच ग्रीनिच रंगवलं. इमारतींच्या अंगणात शिरल्यावर हा आराखडा पुन्हा असा उलगडत नाही.

बागेतल्या गोल घुमटीतून खाली उतरलं की नदीखालचा पादचारी बोगदा लागतो. दक्षिण काठावरच्या कामगारांना पलीकडच्या गोदीत चालत जाता यावं म्हणून बांधलेला हा बोगदा १९०२ साली खुला झाला. लांबी ३७० मीटर, खोली सुमारे १५ मीटर, आतून पांढऱ्या चकचकीत फरशा. उत्तरेकडच्या टोकाला तो एकदम अरुंद होतो. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बमुळे तिथे नुकसान झालं आणि दुरुस्तीसाठी आतून पोलादी अस्तर बसवलं, त्यामुळे. बोगदा चोवीस तास उघडा असतो, पैसे पडत नाहीत, सायकल हातात धरून न्यावी लागते. लिफ्ट आहेत, पण त्यांच्यावर विसंबू नये. त्या बंद असल्या तर ग्रीनिचच्या बाजूला शंभरेक गोल पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे दुखणारी किंवा बाबागाडी घेतलेली मंडळी सोबत असतील तर निघण्यापूर्वी लिफ्टची स्थिती पाहावी.

बोगद्यातून वर आलं की समोरच कटी सार्क हे जुनं शिडाचं जहाज. तरीही तिथे थांबू नये. सकाळी दहाला वेधशाळा उघडते तेव्हा अंगणात गर्दी नसते. अकरानंतर रेषेवर उभं राहायलाच रांग लागते. त्यामुळे थेट बागेतून टेकडी चढावी. वाट छोटी पण खडी आहे, पंधरा मिनिटं धरा. तिकिटांचा हिशोब आताच सांगतो, कारण इथे लोक हमखास गोंधळतात. नॅशनल मॅरिटाइम म्युझियम आणि क्वीन्स हाउस फुकट. वेधशाळा आणि कटी सार्क यांना तिकीट. हे चारही एकाच संस्थेकडे. पण नाविक रुग्णालयातला पेंटेड हॉल वेगळ्या संस्थेकडे आहे, त्याचं तिकीट निराळं. रेषा पाहायला मात्र तिकीट लागतंच असं नाही. अंगणाच्या भिंतीखालून बागेत जाणाऱ्या पायवाटेवर तीच रेषा पुढे आलेली आहे आणि तिथे खूणही आहे.

वेधशाळेचा सगळ्यात जुना भाग फ्लॅमस्टीड हाउस. दुसऱ्या चार्ल्सनं १६७५ साली वेधशाळेचा हुकूम काढला, आराखडा क्रिस्टोफर रेननं केला. पैसे तोकडे होते. खराब झालेली बंदुकीची दारू विकून ते उभे केले, टिलबरी किल्ल्यातल्या जुन्या विटा वापरल्या, तरी ५०० पौंडांच्या अंदाजाचे ५२० झालेच. खर्च वाचवायला आधीच्या वास्तूच्या पायावरच भिंती चढवल्या आणि तिथे घोळ झाला. तो पाया उत्तर-दक्षिण रेषेला सुमारे १३ अंशांनी तिरका होता. म्हणजे उंच खिडक्यांचा तो देखणा अष्टकोनी दिवाणखाना ताऱ्यांचं याम्योत्तर लंघन, म्हणजे तारा उत्तर-दक्षिण रेषा ओलांडतो तो क्षण, मोजण्याच्या कामाचाच नव्हता. पहिला राजज्योतिषी जॉन फ्लॅमस्टीड यानं खरं काम बागेच्या कडेच्या साध्या खोपटात केलं. दिवाणखाना पाहून भारावलेल्यांनी त्या खोपटाच्या जागेशीही थांबावं.

आता रेषेबद्दल. इथे एकच रेषा नाही. प्रत्येक मोठ्या राजज्योतिष्यानं आपली दुर्बीण जिथे बसवली तिथून त्याची रेषा गेली. त्यांतल्या ब्रॅडलीची रेषा एअरीच्या रेषेच्या सुमारे ६ मीटर पश्चिमेला आहे आणि ब्रिटनचे ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे आजही तीच धरतात. जगानं १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत स्वीकारली ती एअरीची, अंगणातल्या पट्टीची. जगातली बहुतांश जहाजं तोवर ग्रीनिचवर बेतलेले नकाशे वापरत होती, हे त्यामागचं व्यवहारी कारण.

रेषेवर उभं राहून मोबाइल काढला की अनेकांचा हिरमोड होतो. जीपीएस शून्य दाखवत नाही, रेखांशाचे (कोनाचे) पाच सेकंद पश्चिम दाखवतं. मोबाइलमध्ये बिघाड नाही आणि एअरीचीही चूक नाही. एअरीनं दुर्बीण पाऱ्याच्या थाळीच्या आधारे समतल केली, म्हणजे त्याची उभी दिशा त्या जागेच्या गुरुत्वाकर्षणानं ठरली. जमिनीखालच्या वस्तुमानामुळे ही दिशा ठिकठिकाणी किंचित झुकते. उपग्रह पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रापासून मोजतात. या दोन पद्धतींतला फरक ग्रीनिचला जमिनीवर १०२ मीटर भरतो. पूर्वेकडे बागेत तेवढं चालत गेलं की मोबाइल शून्य दाखवतो. तिथे ना पट्टी आहे, ना रांग.

रेखांश आणि वेळ यांचं नातं मुलांना इथेच समजवावं. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटं घेते. मुंबई सुमारे ७२.८ अंश पूर्वेला, म्हणून तिची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. हीच जुनी 'बॉम्बे टाइम'. ८२.५ अंशांचे होतात ५ तास ३० मिनिटं, ती आपली आजची प्रमाणवेळ. हेच गणित उलटं केलं की भर समुद्रात आपला रेखांश सापडतो. अट एकच, ग्रीनिचची अचूक वेळ जहाजावर सांभाळता आली पाहिजे. घड्याळ ४ सेकंदांनी चुकलं की विषुववृत्तापाशी एका सागरी मैलाचा फरक पडतो. अक्षांश सूर्यावरून किंवा ध्रुवावरून काढता येई, रेखांश मात्र अंदाजावर चाले आणि अंदाज चुकला की जहाज खडकावर. १७१४ साली ब्रिटिश संसदेनं यावर २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं.

जॉन हॅरिसन या सुतारकाम करणाऱ्या घड्याळजीनं यावर उभं आयुष्य घातलं. त्याची चार यंत्रं वेधशाळेत आहेत. पहिली तीन मोठी, पितळी. चौथं, १७५९ साली पुरं झालेलं, हातात मावणारं, १३ सेंटिमीटर व्यासाचं. पहिली तीन तेलाशिवाय चालतात, म्हणून ती चालू दिसतात. चौथ्याला तेल लागतं, भाग झिजतात, म्हणून ते थांबवून ठेवलेलं असतं. त्या दालनाला निदान अर्धा तास द्यावा. आणि एक तारीख मनात ठेवून बाहेर पडावं. सुवर्णदुर्गावर इंग्रजांची जहाजं चालून गेली ती १७५५ साली, म्हणजे हे चौथं घड्याळ पुरं व्हायच्या चार वर्षं आधी.

बारा पन्नासला वेधशाळेच्या बाहेर, वूल्फच्या पुतळ्यापाशी या. फ्लॅमस्टीड हाउसच्या माथ्यावर लाल गोळा आहे. १२:५५ ला तो खांबावर अर्धा चढतो, १२:५८ ला टोकाला पोचतो आणि बरोबर एकला खाली येतो. गोळा सुटतो तो क्षण खरा, खाली टेकतो तो नव्हे. १८३३ पासून थेम्सवरच्या जहाजांचे कप्तान हा गोळा पाहून घड्याळं लावत. बाराऐवजी एकची वेळ ठेवली, कारण बाराच्या सुमारास ज्योतिषी सूर्याचा वेध घेण्यात गुंतलेले असत. वारा जोराचा असेल तर गोळा चढवत नाहीत, तेव्हा नुसतं बघत राहू नका. जवळच फाटकाच्या भिंतीत २४ तासांची तबकडी असलेलं शेफर्डचं घड्याळ आहे. ते वर्षभर ग्रीनिच वेळच दाखवतं, त्यामुळे उन्हाळ्यात आपल्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा तासभर मागे दिसतं. त्यावरून परतीची गाडी ठरवू नये.

टेकडी उतरल्यावर दुपार संग्रहालयाला आणि पेंटेड हॉलला. क्वीन्स हाउसमध्ये इनिगो जोन्सचा गोल जिना जरूर पाहावा. मधल्या खांबाचा आधार नसलेला, प्रत्येक पायरी भिंतीत रुतलेली आणि खालच्या पायरीवर टेकलेली. पाच मिनिटांत होतो. मॅरिटाइम म्युझियममध्ये बहुतेक लोक ट्रफाल्गरला नेल्सनच्या अंगात असलेला, खांद्याला गोळीचं भोक पडलेला कोट पाहतात. आपण आणखी एका गोष्टीची चौकशी करावी. १७५६ साली विजयदुर्ग पडला त्या लढाईचं डॉमिनिक सेरेसनं काढलेलं तैलचित्र या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. संग्रहातली सगळी चित्रं एका वेळी भिंतीवर नसतात. म्हणून जाण्यापूर्वी संकेतस्थळावरच्या संग्रहसूचीत 'घेरिया' हे विजयदुर्गाचं तेव्हाचं इंग्रजी नाव घालून शोधावं.

पेंटेड हॉल हे थकल्याभागल्या खलाशांच्या आश्रमाचं जेवणघर म्हणून बांधलेलं दालन. मेरी राणीच्या इच्छेनुसार १६९४ साली हे रुग्णालय स्थापन झालं. क्वीन्स हाउसमधून नदी दिसत राहिली पाहिजे असा आग्रह होता, म्हणून रेनला इमारत मधोमध चिरून दोन बाजूंना वाटावी लागली. ते जुळे घुमट या अडचणीतून जन्मले. जेम्स थॉर्नहिलनं दालन रंगवायला १७०७ मध्ये घेतलं आणि १७२६ मध्ये संपवलं. मोबदला छतासाठी चौरस यार्डाला ३ पौंड, भिंतींसाठी १ पौंड. दालन पुरं झालं तेव्हा ते इतकं भव्य ठरलं की खलाशांना तिथे रोज जेवायला बसवणं सुटलं. आत आडवं पडून छत पाहायला गाद्या घातलेली बाकं असतात. संकोच न करता आडवे व्हा, मान दुखत नाही आणि चित्रही नीट लागतं. मधल्या मोठ्या अंडाकृतीत विल्यम आणि मेरी आहेत. पण डोळे कडांकडे न्यावेत. एका टोकाला लुटीनं भरलेली, पकडलेल्या स्पॅनिश जहाजाची पिछाडी आहे. एका कोपऱ्यात फ्लॅमस्टीड बसला आहे, १७१५ च्या सूर्यग्रहणाचं भाकीत हाती घेऊन. वेध आणि लूट एकाच छतावर इतक्या उघडपणे रंगवलेली दुसरी जागा मला माहीत नाही. समोरच्या इमारतीतलं प्रार्थनागृह फुकट आहे, वेळ उरला तर पाहावं.

कटी सार्कचं तिकीट घ्यावं का? लहान मुलं असतील तर नक्की. ३ मीटरहून अधिक वर उचललेल्या जहाजाच्या पोटाखालून चालता येतं आणि सांगाड्याचं लोखंड, त्यावरच्या फळ्या, त्यावरचा पिवळ्या धातूचा पत्रा हे सगळं जवळून कळतं. मोठ्यांनी बाहेरून पाहिलं तरी चालेल. हे चहाचं जहाज नोव्हेंबर १८६९ मध्ये पाण्यात उतरलं आणि त्याच महिन्यात सुवेझ कालवा खुला झाला. कालव्यातून आगबोटी चहा लवकर आणू लागल्या, शिडाच्या जहाजांना तो मार्ग सोयीचा नव्हता, आणि या सुंदर जहाजाला पुढे ऑस्ट्रेलियाच्या लोकरीवर पोट भरावं लागलं.

दुसरा दिवस शक्यतो रविवारचा ठेवावा, कारण बुरूज स्वयंसेवक चालवतात आणि तो आठवड्यातून मोजकेच दिवस उघडतो. रविवार सहसा त्यांत असतो, तरी त्यांच्या संकेतस्थळावर वेळ पाहूनच निघावं. चालायची हौस असेल तर सकाळी चार्ल्टन स्टेशनला उतरून आधी थेम्स बॅरियर गाठावा. १९५३ च्या उत्तर समुद्रातल्या पुरानंतर लंडनला असा बांध हवा हे ठरलं. तो १९८२ पासून कामाला लागला, औपचारिक उद्घाटन १९८४ मध्ये झालं. नदीची रुंदी इथे ५२० मीटर, दरवाजे १०. मधले चार मोठे दरवाजे ६१ मीटर रुंदीचे. एरवी ते नदीच्या तळाशी काँक्रीटच्या खोबणीत आडवे पडलेले असतात, वरून जहाजं जातात. भरतीचं उधाण येणार असेल तर ते फिरून उभे राहतात. नुसतं गेलात तर खांबांवरची चांदीसारखी चमकणारी शिरस्त्राणं तेवढी दिसतील. दरवाजे उभे पाहायचे असतील तर चाचणीच्या दिवशी जावं. चाचणी दर महिन्याला होते, तारखा आधी जाहीर होतात. वर्षातून एकदा, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, पूर्ण भरतीच्या वेळची मोठी चाचणी असते.

बॅरियरपासून ग्रीन चेन वॉक या पायवाटेच्या पाट्या धरून मेरियन पार्क, मेरियन विल्सन पार्क, चार्ल्टन हाउसची सतराव्या शतकातली लाल विटांची हवेली, वुलिच कॉमन असं करत शूटर्स हिलला पोचता येतं. अंतर पाच-सहा किलोमीटर, रमतगमत दोन-अडीच तास. टेकडीच्या पायथ्याची लंडन क्ले माती पाणी धरून ठेवते. नोव्हेंबर ते मार्च वाट निसरडी असते, कापडी बूट घालून जाऊ नये. चालायचं नसेल तर नॉर्थ ग्रीनिचहून ४८६ किंवा लुइशम-ब्लॅकहीथहून ८९ क्रमांकाची बस धरावी आणि मेमोरियल हॉस्पिटलच्या थांब्याला उतरावं. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, बँकेचं कार्ड किंवा ऑयस्टर हे प्रवासाचं कार्ड हवं. थांब्यापासून रानात शिरणारी वाट थेट बुरुजाशी नेते.

या बुरुजाचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. उंची ६३ फूट, आराखडा तीन कोनी, तिन्ही कोपऱ्यांवर षट्कोनी मनोरे, टोकदार कमानींच्या खिडक्या. नाव कॅसल असलं तरी इथे कधी लढाई झाली नाही, शिबंदी राहिली नाही. कमोडोर विल्यम जेम्स १७८३ च्या अखेरीला वारल्यावर त्याच्या पत्नीनं, लेडी जेम्सनं, १७८४ साली तो स्मारक म्हणून बांधवला. जेम्स कुटुंबाचं घर खाली एल्थमलाच होतं. वास्तुविशारद रिचर्ड जप हा ईस्ट इंडिया कंपनीचाच सर्व्हेअर. जेम्स स्वतः पुढे त्या कंपनीचा अध्यक्ष झाला होता.

दारावरची पाटी सावकाश वाचावी. पूर्वेच्या समुद्रांत कंपनीच्या आरमाराचं नेतृत्व करताना जेम्सनं गाजवलेल्या पराक्रमाची ती आठवण आहे आणि विशेषकरून, मलबार किनाऱ्यावरचा सेव्हर्नड्रूगचा किल्ला २ एप्रिल १७५५ रोजी त्याच्या शौर्यापुढे पडला त्याची. इंग्रज तेव्हा सगळ्या पश्चिम किनाऱ्यालाच मलबार म्हणत. जागा आपल्या कोकणातलीच.

पाटीवर जे नाही ते आपण सोबत न्यायला हवं. सुवर्णदुर्ग तेव्हा कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याच्याकडे होता. तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांच्यात वितुष्ट विकोपाला गेलं होतं, आणि मार्च १७५५ मध्ये पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तुळाजीविरुद्ध करार केला. म्हणजे समुद्रातून जेम्सचं ४४ तोफांचं 'प्रोटेक्टर' आणि त्याच्या जोडीची जहाजं चालून आली, तेव्हा पेशव्यांचं सैन्य रामाजी महादेवाच्या हाताखाली किनाऱ्यावरून लढत होतं. सुवर्णदुर्ग बेटावर आहे आणि समोर हर्णैच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड हे जोडकिल्ले आहेत. जमिनीवरची बाजू दाबून धरली नसती तर बेटाला रसद मिळत राहिली असती. जेम्सनं दोरीला शिसं बांधून पाण्याची खोली मोजली, जहाजं तटाच्या जवळ नेता येतात हे हेरलं आणि तोफा डागल्या. किल्ल्यातलं दारूचं कोठार उडालं आणि लढाई फिरली. करारानुसार सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला, इंग्रजांनी बाणकोट घेतला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गही पडला, आंग्र्यांचं आरमार जळालं आणि तुळाजी कैदेत गेला.

शूटर्स हिलच्या पाटीवर तुळाजी नाही, पेशवे नाहीत, रामाजी महादेव नाहीत. एका माणसाचं शौर्य तेवढं आहे. विधवेनं नवऱ्यासाठी लावलेल्या पाटीत याहून वेगळं काय असणार, हे मान्य. पण आपण तिथे उभे असताना गोष्ट पुरी सांगितली पाहिजे, विशेषतः सोबत मुलं असतील तर. कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना रोखून धरू शकणारं आरमार बुडवायला आपणच हात लावला, ही गोष्ट कटू आहे. ती पुण्यात किंवा अलिबागला वाचलेली असली, तरी त्या विजयाचं स्मारक समोर ठेवून ऐकली की अंगावर येते. सुवर्णदुर्ग २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांमधून युनेस्कोच्या यादीत गेला. आता या बरोच्या एका टोकाला जागतिक वारसा, दुसऱ्या टोकाला जागतिक वारशातल्या किल्ल्याचं नाव.

बुरूज आज उघडा आहे, हेही सहज झालेलं नाही. लंडन काउंटी कौन्सिलनं तो १९२२ साली विकत घेतला, बरीच वर्षं तळाशी चहाघर चाललं. १९८० च्या दशकाच्या शेवटी देखभाल परवडेना म्हणून दारं-खिडक्या फळ्या मारून बंद झाल्या. स्थानिक रहिवाशांनी विश्वस्त संस्था काढली, लॉटरी निधीतून दुरुस्ती केली आणि २०१४ साली तो पुन्हा उघडला. माथ्यावर जाण्यासाठी तिकीट घ्यावं लागतं. जिना अरुंद आणि गोल आहे, लिफ्ट नाही. टेकडीची उंची १३२ मीटर आणि त्यावर हा बुरूज, त्यामुळे स्वच्छ दिवशी पश्चिमेला मध्य लंडनचे मनोरे आणि दक्षिणेला केंटचे डोंगर दिसतात. धुकट दिवशी वर चढून हाती काही लागत नाही. पाऊस पडून गेल्यानंतरची दुपार सर्वांत चांगली. लंडनमध्ये स्थायिक मराठी मंडळींना एक सुचवावंसं वाटतं. या संस्थेला स्वयंसेवक लागतात. महिन्यातला एखादा रविवार तिथे उभं राहून येणाऱ्या माणसाला हर्णैची बाजू सांगणारं कुणी असेल, तर पाटी न बदलताही बरंच काम होईल.

बुरुजाखालच्या उतारावर गुलाबाची बाग आहे, डबा खायला उत्तम. तिथून पूर्वेला ऑक्सलीज वूड. हजारो वर्षांचं जुनं ओकचं रान, ज्यातून मोठा रस्ता जाणार होता आणि लोकांच्या विरोधामुळे १९९३ साली तो बेत रद्द झाला. रानाच्या कडेला गवताळ उतारावर कॅफे आहे, चहा तिथे घ्यावा. पाय शाबूत असतील आणि दुपारचे दोन वाजले नसतील, तर दक्षिणेला तीनेक किलोमीटरवर एल्थम पॅलेस. चौथ्या एडवर्डचा १४७० च्या दशकातला लाकडी छताचा दरबार आणि त्याला जोडून कोर्टोल्ड दांपत्यानं १९३० च्या दशकात बांधलेलं आर्ट डेको घर. त्या घरात पाळीव लेमूरसाठी स्वतंत्र उबदार खोली आहे, मुलांना ती फार आवडते. हिवाळ्यात तिथले उघडे दिवस कमी असतात. तिकडे गेलात तर परतीला मॉटिंगहॅम स्टेशन जवळ. रानातूनच मागे फिरायचं असेल तर कॅपिटल रिंग या पायवाटेच्या पाट्या फाल्कनवूड स्टेशनला नेतात, लंडन ब्रिजची गाडी तिथून थेट मिळते. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाड्यांच्या जागी बस लावतात. तेव्हा कॅफेत बसल्या बसल्याच वेळापत्रक पाहून घ्यावं.